सिडनी बार्न्स
सिडनी फ्रान्सिस बार्न्स (जन्म: १९ एप्रिल १८७३, स्मेदिक, इंग्लंड; मृत्यू: २६ डिसेंबर १९६७, चॅड्समूर, इंग्लंड) हे इंग्लंडचे क्रिकेट खेळाडू होते. उजव्या हाताने मध्यम जलदगती गोलंदाजी करणाऱ्या बार्न्स यांनी १९०१ ते १९१४ या काळात २७ कसोटी सामन्यांत १६.४३ धावांच्या सरासरीने १८९ बळी घेतले. क्रिकेटच्या इतिहासातील सर्वोत्तम गोलंदाजांची फळी निवडण्याचा प्रश्न निघाला की ज्यांचे नाव जवळपास प्रत्येक वेळी विचारात घेतले जाते, अशा मोजक्या गोलंदाजांत त्यांची गणना होते. त्यांच्या कारकिर्दीचे एक वैशिष्ट्य असे, की आयुष्यातील बहुतांश काळ ते प्रथम श्रेणीच्या क्रिकेटपासून दूर राहिले आणि हे दूर राहणे त्यांनी स्वतःहून निवडले होते.

जन्म आणि सुरुवातीची वर्षे

बार्न्स यांचा जन्म इंग्लंडच्या मध्य भागातील स्टॅफर्डशायर परगण्यात, बर्मिंगहॅम शहरालगतच्या स्मेदिक या औद्योगिक गावी एका कामगार कुटुंबात झाला. गावातील क्लबकडून खेळता खेळता त्यांनी गोलंदाजीचे पहिले धडे गिरवले. सुरुवातीला ते वेगवान गोलंदाज होते. पुढे बोटांनी चेंडू वळविण्याची कला त्यांनी आत्मसात केली आणि वेग कमी न करता फिरकी साधण्याचा ध्यास घेतला.

१८९४ ते १८९६ या काळात वॉरविकशायर काउंटीने त्यांना अवघ्या चार सामन्यांत संधी दिली. त्यांत विशेष यश मिळाले नाही. याच सुमारास लँकेशायर लीगमधील रिश्टन क्लबने त्यांना व्यावसायिक खेळाडू म्हणून करारबद्ध केले. लीगचे सामने शनिवारी होत. त्यामुळे आठवड्यातील इतर दिवस नोकरी करता येई आणि खेळाचे मानधनही वेगळे मिळे. काउंटीच्या खेळाडूला मात्र उन्हाळाभर आठवड्यातील जवळजवळ सर्व दिवस राबावे लागे आणि हिवाळ्यात पोट कसे भरायचे हा प्रश्न उभा राही. कामगार घरात वाढलेल्या बार्न्स यांनी हा हिशेब फार लवकर मांडला आणि पुढे आयुष्यभर तो सोडला नाही.

ऑस्ट्रेलियाचा पहिला दौरा (१९०१–०२)

१९०१ साली लँकेशायरचे कर्णधार आर्ची मॅक्लारेन यांच्याकडे ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी इंग्लंडचा संघ नेण्याची जबाबदारी होती. यॉर्कशायर काउंटीने जॉर्ज हर्स्ट आणि विल्फ्रेड ऱ्होड्स या आपल्या दोन प्रमुख गोलंदाजांना दौऱ्यावर पाठविण्यास नकार दिला होता. मॅक्लारेन यांनी बार्न्स यांना सरावाच्या जाळ्यात गोलंदाजी करण्यासाठी बोलावले. तेथे त्यांचा मारा खेळताना अनुभवी मॅक्लारेन यांचीच तारांबळ उडाली. मोसमाच्या अखेरीस लँकेशायरकडून लीस्टरशायरविरुद्ध बार्न्स यांनी ७० धावांत ६ बळी घेतले आणि त्यांची संघात निवड झाली. प्रथम श्रेणीचे फारसे सामने न खेळलेल्या एका लीग खेळाडूची थेट ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी झालेली ही निवड अनेकांना धाडसाची वाटली.

१३ डिसेंबर १९०१ रोजी सिडनी येथे त्यांनी कसोटी पदार्पण केले. त्यांचा पहिला बळी होता व्हिक्टर ट्रंपर, म्हणजे त्या काळातील ऑस्ट्रेलियाचा सर्वांत देखणा फलंदाज. पहिल्या डावात ६५ धावांत ५ बळी घेऊन बार्न्स यांनी इंग्लंडच्या डावाच्या विजयाचा पाया घातला. मेलबर्न येथील दुसऱ्या कसोटीत त्यांनी ४२ धावांत ६ आणि १२१ धावांत ७ असे एकूण १३ बळी मिळवले. ॲडलेडच्या तिसऱ्या कसोटीत मात्र त्यांचा गुडघा दुखावला आणि उरलेल्या दौऱ्यात ते खेळू शकले नाहीत. पहिली कसोटी जिंकणाऱ्या इंग्लंडने पुढील चारही सामने गमावले.

लँकेशायरशी फारकत

मायदेशी परतल्यावर १९०२ साली बार्न्स यांना पाचपैकी फक्त एका कसोटीत खेळविण्यात आले. शेफील्डच्या त्या सामन्यात त्यांनी पहिल्या डावात ४९ धावांत ६ बळी घेतले, तरीही पुढील सामन्यात त्यांना स्थान मिळाले नाही. मँचेस्टर येथे खेळला गेलेला तो सामना इंग्लंडने अवघ्या ३ धावांनी गमावला.

१९०३ च्या मोसमात त्यांनी लँकेशायरकडून १३१ बळी घेतले. मोसमाच्या शेवटी मोबदल्याच्या प्रश्नावरून त्यांचे काउंटीशी मतभेद झाले. अधिक खात्रीच्या अटी मिळाल्याशिवाय करार करण्यास त्यांनी नकार दिला. काउंटीनेही माघार घेतली नाही. वयाच्या तिसाव्या वर्षी, कौशल्य बहरात असताना, बार्न्स काउंटी क्रिकेटमधून बाहेर पडले आणि पुन्हा कधीही पूर्णवेळ काउंटी खेळाडू झाले नाहीत.

या निर्णयाचे महत्त्व समजण्यासाठी त्या काळच्या इंग्लिश क्रिकेटची रचना लक्षात घ्यावी लागते. संघात हौशी आणि व्यावसायिक असे दोन वर्ग असत. हौशी खेळाडू बहुधा सुखवस्तू घरातील असत. पैसे घेऊन खेळणाऱ्या व्यावसायिकांची कपडे बदलण्याची खोली वेगळी असे आणि अनेक मैदानांवर त्यांचे प्रवेशद्वारही वेगळे असे. कर्णधारपद हौशी खेळाडूकडेच जाई. अशा व्यवस्थेत व्यावसायिकाने दिलेल्या अटी मान्य करून कृतज्ञ राहावे, अशी अपेक्षा असे. बार्न्स यांनी आपल्या कामाचे मोल आपण ठरवू, अशी भूमिका घेतली. त्याची किंमतही मोजली. १९०१–०२ च्या दौऱ्यापासून १९१३–१४ च्या दौऱ्यापर्यंत इंग्लंडने सुमारे साठ कसोटी सामने खेळले. त्यांपैकी निम्म्याहून कमी सामन्यांत बार्न्स मैदानावर होते.

स्टॅफर्डशायर आणि कसोटीतील पुनरागमन

१९०४ पासून बार्न्स आपल्या जन्मपरगण्याकडून, म्हणजे स्टॅफर्डशायरकडून मायनर काउंटी स्पर्धेत खेळू लागले. ही स्पर्धा प्रथम श्रेणीत मोडत नसे. शनिवारी लीगचा सामना, अधूनमधून परगण्याचा सामना आणि एरवी कारकुनी नोकरी असा त्यांचा दिनक्रम ठरला. स्टॅफर्डशायरकडून पहिल्या महायुद्धापूर्वी आणि नंतर मिळून त्यांनी १,४४१ बळी घेतले, तेही केवळ ८.१५ च्या सरासरीने. या काळात संघाने १९०६, १९०८ आणि १९११ साली स्पर्धेचे विजेतेपद पटकावले.

काउंटी क्रिकेट न खेळणाऱ्या गोलंदाजाला इंग्लंडच्या निवड समितीने पुन्हा पुन्हा बोलवावे, ही गोष्ट एरवी दुर्मीळच. १९०७–०८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर त्यांनी २४ बळी घेतले. मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत त्यांनी फलंदाजीनेही सामना जिंकून दिला. शेवटची जोडी मैदानात असताना इंग्लंडला ३९ धावा हव्या होत्या. बार्न्स आणि आर्थर फील्डर यांनी त्या काढल्या. अखेरच्या धावेच्या वेळी क्षेत्ररक्षकाची फेक यष्टींवर बसली असती, तर कसोटी इतिहासातील पहिला बरोबरीत सुटलेला सामना तेव्हाच घडला असता. बार्न्स ३८ धावांवर नाबाद राहिले. कसोटीतील ही त्यांची सर्वोच्च धावसंख्या होय. १९१० साली विस्डेनने वर्षातील पाच क्रिकेटपटूंमध्ये त्यांची निवड केली.

१९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली भारताचा पहिला प्रातिनिधिक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. पुण्याच्या मैदानावर खेळपट्टीची देखभाल करत गोलंदाज म्हणून घडलेले पालवणकर बाळू या संघात होते आणि दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. स्टॅफर्डशायरविरुद्धच्या सामन्यात या संघाची गाठ बार्न्स यांच्याशी पडली आणि त्यांच्या माऱ्यापुढे भारतीय फलंदाजी कोलमडली.

मेलबर्न, १९११

१९११–१२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात कर्णधार प्लम वॉर्नर आजारी पडल्याने नेतृत्व जॉनी डग्लस यांच्याकडे आले. सिडनीच्या पहिल्या कसोटीत डग्लस यांनी नवा चेंडू बार्न्स यांना न देता फ्रँक फॉस्टर यांच्या जोडीला स्वतःच हाती घेतला. बार्न्स यांना हे मुळीच रुचले नाही. इंग्लंडचा त्या सामन्यात पराभव झाला. पुढच्या सामन्यापासून डग्लस यांनी आपली चूक सुधारली.

३० डिसेंबर १९११ रोजी मेलबर्न येथे दुसरी कसोटी सुरू झाली. बार्न्स यांची प्रकृती त्या दिवशी बरी नव्हती. तरीही पहिल्या पाच षटकांत, त्यांतील चार निर्धाव टाकून, त्यांनी केवळ एका धावेच्या मोबदल्यात बार्डस्ली, केलवे, हिल आणि आर्मस्ट्राँग यांना बाद केले. पुढे त्यांनी पाचवा बळी मिळवला, तेव्हा त्यांच्या ११ षटकांत अवघ्या ६ धावा निघाल्या होत्या आणि ऑस्ट्रेलियाची अवस्था ६ बाद ३८ अशी झाली होती. फलंदाजीला अनुकूल समजल्या जाणाऱ्या खेळपट्टीवर, मातब्बर फलंदाजांविरुद्ध टाकलेला हा मारा कसोटी क्रिकेटमधील सर्वोत्तम सत्रांपैकी एक मानला जातो. इंग्लंडने ही मालिका ४–१ अशी जिंकली. बार्न्स यांनी ३४ आणि डावखुरे वेगवान गोलंदाज फॉस्टर यांनी ३२ बळी घेतले. एकाच मालिकेत दोन्ही टोकांकडून असा मारा करणाऱ्या या जोडीचा उल्लेख इंग्लंडच्या थोर गोलंदाजी जोड्यांत आवर्जून केला जातो.

दक्षिण आफ्रिकेचा दौरा (१९१३–१४)

१९१२ च्या तिरंगी स्पर्धेत बार्न्स यांनी सहा कसोटींत ३९ बळी घेतले होते. त्यांपैकी ३४ बळी दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या तीन सामन्यांतील होते. पुढील वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा वयाची चाळिशी उलटली होती. तेथे काथ्याच्या चटईवर, म्हणजे मॅटिंगच्या खेळपट्टीवर सामने होत. मॅटिंगवर चेंडू अधिक वळतो आणि अधिक उसळतो. बार्न्स यांच्यासारख्या गोलंदाजाला हे वरदानच होते.

दरबानच्या पहिल्या कसोटीत १०, जोहान्सबर्गच्या दुसऱ्या कसोटीत १७, तिसऱ्या कसोटीत ८ आणि दरबानच्या चौथ्या कसोटीत १४, असे एकूण ४९ बळी त्यांनी चार सामन्यांत १०.९३ च्या सरासरीने घेतले. एका कसोटी मालिकेत सर्वाधिक बळी घेण्याचा हा विक्रम शंभराहून अधिक वर्षे अबाधित आहे. जोहान्सबर्ग येथील १५९ धावांत १७ बळी ही एका कसोटीतील सर्वोत्तम कामगिरी १९५६ साली जिम लेकर यांनी १९ बळी घेईपर्यंत टिकून राहिली. या माऱ्यापुढे दक्षिण आफ्रिकेचे कर्णधार हर्बी टेलर यांनी मालिकेत ५०८ धावा केल्या. पराभूत संघातील फलंदाजाची ही झुंज बार्न्स यांच्या विक्रमाइतकीच आदराने आठवली जाते.

पाचव्या कसोटीत बार्न्स खेळलेच नाहीत. त्यांच्यासाठी निधी जमविण्याचे आश्वासन पाळले गेले नाही, असे या वादाचे कारण सांगितले जाते. पन्नासाव्या बळीला एकच बळी उरला असताना त्यांनी सामना सोडला. त्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि दरबानची चौथी कसोटी ही त्यांची अखेरची कसोटी ठरली. १९२०–२१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांच्याकडे पुन्हा विचारणा झाली. कुटुंबाला सोबत नेण्याचा खर्च मिळणार नाही असे दिसताच त्यांनी नकार दिला. त्या दौऱ्यात इंग्लंडने पाचही कसोटी गमावल्या.

गोलंदाजीची पद्धत

बार्न्स उंच, काटक आणि रुंद खांद्यांचे होते. त्यांची धाव लहान आणि लवचीक असे, हात सरळ उंच जाई. वेग मध्यमाहून थोडा अधिक होता. त्यांचे खरे सामर्थ्य बोटांत होते. पुढील काळातील बहुतेक मध्यम जलदगती गोलंदाज चेंडूवरून बोटे घासून त्याला कट देत. बार्न्स चेंडू प्रत्यक्ष फिरवत. मनगट फारसे न वळवता, केवळ बोटांच्या पिळाने, ते ऑफब्रेक आणि लेगब्रेक दोन्ही टाकू शकत. त्यामुळे हाताकडे पाहून चेंडू कोणत्या दिशेने वळेल हे ओळखणे फलंदाजाला कठीण जाई. हवेत आत येणारा आणि टप्पा पडल्यावर बाहेर वळणारा त्यांचा चेंडू विशेष प्रसिद्ध झाला. वेगवान गोलंदाजाचा वेग, स्विंग गोलंदाजाचे वळण आणि फिरकीपटूची फिरकी या तीन गोष्टी एकाच हातात एकवटल्या होत्या. तासन्‌तास न थकता अचूक टप्प्यावर मारा करण्याची क्षमता ही त्यांची चौथी देणगी होती.

स्वभाव

मितभाषी, करारी आणि प्रसंगी तुसडे अशी बार्न्स यांची ख्याती होती. कर्णधारांना त्यांना सांभाळणे अवघड जाई. आपल्या मनाप्रमाणे क्षेत्ररक्षण लावण्याचा त्यांचा आग्रह असे. ज्या सामन्यात मन रमले नाही तेथे त्यांचा मारा निस्तेज होई, अशी टीकाही झाली. त्यांच्या स्वभावातील कडवटपणा आणि त्या काळची विषम व्यवस्था या दोहोंपैकी कशाला अधिक जबाबदार धरावे, याबद्दल चरित्रकारांचे एकमत नाही. त्यांनी मागितलेल्या गोष्टी, म्हणजे योग्य मानधन, वर्षभराच्या कामाची शाश्वती आणि दौऱ्यावर कुटुंबाची सोबत, आजच्या खेळाडूंना सहज मिळतात, ही बाब मात्र नोंद घेण्याजोगी आहे.

उत्तरायुष्य

महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर बार्न्स ब्रॅडफर्ड लीगमध्ये सॉल्टेअर क्लबकडून खेळले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १९२८ साली, वेल्सकडून वेस्ट इंडीजच्या पाहुण्या संघाविरुद्ध त्यांनी सामन्यात ११८ धावांत १२ बळी घेतले. पुढच्याच वर्षी मायनर काउंटीजच्या संघाकडून दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एका डावात ४१ धावांत ८ बळी मिळवले. स्टॅफर्डशायरकडून ते १९३५ पर्यंत, म्हणजे बासष्टाव्या वर्षापर्यंत खेळत राहिले.

त्यांचे हस्ताक्षर अत्यंत सुबक होते. स्टॅफर्डशायर काउंटी कौन्सिलमध्ये कायदेशीर दस्तऐवज सुलेखनात उतरविण्याचे काम त्यांनी वार्धक्यातही चालू ठेवले. १९५७ साली राणी एलिझाबेथ यांच्या स्टॅफर्ड भेटीप्रसंगी त्यांनी स्वहस्ते लिहिलेला मानपट राणीला अर्पण करण्यात आला. १९४९ साली मेरिलिबोन क्रिकेट क्लबने निवृत्त व्यावसायिक खेळाडूंना सन्माननीय आजीव सदस्यत्व दिले, त्यांत बार्न्स होते. २६ डिसेंबर १९६७ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

सार्वकालिक सर्वोत्तम गोलंदाजी फळीतील स्थान

सर्व काळातील गोलंदाजांची फळी निवडताना केवळ सरासरी पाहून चालत नाही. खेळपट्टी, प्रतिस्पर्धी, सामन्यांची संख्या आणि परस्परपूरकता यांचाही विचार करावा लागतो. बार्न्स यांच्याविरुद्ध मुख्यतः दोन आक्षेप घेतले जातात. त्यांच्या काळात खेळपट्ट्या पावसात उघड्या राहत, त्यामुळे गोलंदाजांना मदत मिळे, हा पहिला आक्षेप. त्यांच्या १८९ बळींपैकी ८३ बळी तुलनेने दुबळ्या दक्षिण आफ्रिकेविरुद्ध, सात सामन्यांत ९.८५ च्या सरासरीने मिळाले, हा दुसरा आक्षेप.

हे आक्षेप निराधार नाहीत. तथापि दक्षिण आफ्रिकेचे आकडे पूर्णपणे वगळले, तरी ऑस्ट्रेलियाविरुद्ध २० कसोटींतील १०६ बळी शिल्लक राहतात. त्यांपैकी ७७ बळी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्याच भूमीवर १३ सामन्यांत घेतले. तेथील खेळपट्ट्या इंग्लंडपेक्षा कठीण व कोरड्या असत आणि समोर ट्रंपर, हिल, आर्मस्ट्राँग यांच्यासारखे फलंदाज होते. त्यांच्या थोरवीचा खरा आधार हे ७७ बळी आहेत, ४९ बळींचा विक्रम नव्हे, असे म्हणता येते.

१९६३ साली विस्डेनच्या शताब्दी अंकासाठी नेव्हिल कार्डस यांनी शतकातील सहा महान खेळाडू निवडले. त्यांत गोलंदाज म्हणून बार्न्स आणि टॉम रिचर्डसन यांना स्थान मिळाले. २०१३ साली विस्डेनने जाहीर केलेल्या सार्वकालिक विश्वसंघात वसीम अक्रम, माल्कम मार्शल, शेन वॉर्न आणि बार्न्स अशी गोलंदाजांची फळी होती. जोडीला अष्टपैलू गारफील्ड सोबर्स होते. याच संघात सचिन तेंडुलकर यांचाही समावेश होता. याउलट डॉन ब्रॅडमन यांच्या निवडीतील संघात बार्न्स नव्हते. ब्रॅडमन यांनी बिल ओरायली यांना अधिक पसंती दिली. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या गुणांकनपद्धतीनुसार बार्न्स यांनी १९१४ साली गाठलेले ९३२ गुण कसोटी गोलंदाजांमध्ये सर्वोच्च आहेत.

मार्शल यांचा वेग, अक्रम यांचा डावखुरा स्विंग आणि वॉर्न यांची मनगटी फिरकी चित्रफितींवर आजही पाहता येते. बार्न्स यांच्या बाबतीत मुख्य आधार धावफलकांचा आणि त्यांच्याविरुद्ध खेळलेल्या फलंदाजांच्या आठवणींचा. या दोन्ही प्रकारच्या पुराव्यांचा कौल मात्र एकाच दिशेने झुकतो. वेग आणि फिरकी या दोन्ही बाजू एकटाच सांभाळू शकणारा गोलंदाज फळीत असला, की उरलेल्या जागा भरणे निवडकर्त्याला सोपे जाते. बार्न्स यांचे नाव पुन्हा पुन्हा पुढे येण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण आहे.